‘फेअर’ कॅश : समान, रास्त की न्याय्य?

प्रश्न : मल्टिकोअर प्रोसेसरवरचा (एकाच चिपवर अनेक कोअर, म्हणजे गणना करणारे भाग) एक मजकूर मराठीत आणतोय. शेवटच्या पातळीची कॅश (प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी) सगळे कोअर मिळून वापरतात आणि ती थ्रेड्समध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांमध्ये, ‘फेअर’ वाटली गेली पाहिजे, असा मुद्दा आहे. मी ‘समान वाटप’ लिहिलं, तर तपासणाऱ्याने दोन्ही शब्द खोडले. का?

प्रतिसाद : ‘समान’ खोडला ते योग्यच. १६-वे कॅश आहे, म्हणजे ‘वे’ नावाचे सोळा कप्पे असलेली; थ्रेड दोन, दोघांना आठ-आठ वे दिले. वाटणी समान झाली, न्याय झाला का? पहिला थ्रेड त्याच त्या माहितीवर पुन्हा पुन्हा येणारा. दुसरा भलीमोठी फाइल एकदाच वाचत पुढे जाणारा. त्याला दोन वे द्या नाहीतर चौदा, फरक जवळपास शून्य, कारण वाचलेलं तो परत मागतच नाही. वाटणीच केली नाही तर आणखी वाईट. एलआरयूच्या (लीस्ट रीसेंटली यूज्ड) नियमाने सर्वांत जास्त वेळ न वापरलेली ओळ, म्हणजे कॅशमधला माहितीचा तुकडा, बाहेर जाते, आणि हा सतत नवं आणणारा गडी पहिल्याच्या कामाच्या ओळी हुसकावत राहतो.

किम, चंद्रा आणि सोलिहिन यांच्या याच विषयावरच्या २००४च्या शोधनिबंधात कसोटी अशी आहे : एकट्याने चालताना लागणाऱ्या वेळेच्या तुलनेत प्रत्येक थ्रेड सारख्याच पटीने मंदावला पाहिजे. समान असायला हवी ती झळ, वाटा नव्हे. म्हणून ‘न्याय्य’.

दुसरा प्रतिसाद : ‘रास्त’ का नको? उच्चाराला सोपा आहे. ‘न्याय्य’मधला दुसरा ‘य’ निम्मे लोक गाळतात.

पहिला : ‘रास्त’ भावाला किंवा मागणीला शोभतो. तिथे एकाच गोष्टीचा वाजवीपणा असतो; इथे अनेकांत तुलना आहे. ‘समन्यायी’ चालेल, पण सरकारी परिपत्रकाचा वास येतो.

प्रश्नकर्ता : आणि ‘वाटप’ का खोडलं?

तिसरा प्रतिसाद : वाटपाला देणारा लागतो, वाटणी हिस्सेदारांत होते आणि वाटणीनंतर हद्दी वेगळ्या होतात. कॅश पार्टिशनिंग ही वाटणी. इंटेलच्या कॅश अ‍ॅलोकेशन टेक्नॉलॉजीला मात्र मी ‘वाटप’च म्हणेन : ऑपरेटिंग सिस्टिम बिटमास्क (कुठले वे खुले, ते सांगणारी ०-१ची यादी) लावून कोणी कुठल्या वेमध्ये भरायचं ते ठरवते, पण दोन मास्क एकमेकांवर येऊ शकतात. हद्द सामाईक राहिली तर वाटणी कसली?

‘सामाईक’वरून आठवलं, तोच शब्द ठेवा. ‘सामायिक’ही चालतं, पण जैनांत ते ४८ मिनिटांच्या साधनेचं नाव आहे.

प्रश्नकर्ता : ‘कॅश’ वाचून रोकड आठवते, त्याचं काय करू?

तिसरा : पहिल्यांदा ‘कॅश मेमरी’ लिहा, पुढे नुसतं ‘कॅश’. मुळात फ्रेंच शब्द, लपवण्याशी नातं असलेला. १९६५मध्ये संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी या कल्पनेला ‘स्लेव्ह मेमरी’ म्हटलं होतं. १९६८मध्ये आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५च्या वर्णनात ‘कॅश’ आला आणि टिकला. ‘दासस्मृती’पासून वाचलो म्हणायचं.

प्रश्नकर्ता : मग वाक्य असं : ‘सामाईक कॅशची धाग्यांमध्ये न्याय्य वाटणी’.

पहिला : बाकी ठीक. पण धागे काढा, थ्रेडच राहू द्या. ‘धागा मंदावला’ हे वाचवत नाही.