चिन्हांनी काढलेली आकृती मराठी नावं टाकली की वाकडी होते, उपाय काय?

गोदाकाठ_परभणी

पाणी वापर संस्थांच्या सभासदांसाठी माहितीपत्रक करायलोय. जायकवाडी, माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर आणि विष्णुपुरी या पाच ठिकाणचं पाणी एकमेकांशी कसं जोडलेलं आहे, ते नुसत्या रेघा आणि चौकटींच्या चिन्हांनी दाखवायचंय. चित्राची फाईल नको. तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार, ईमेलमध्ये जाणार आणि छापलाही जाणार, शिवाय पुढं कुणालाही त्यात दुरुस्ती करता आली पाहिजे.

इंग्रजी नावं टाकली तर चौकटी सरळ राहतात. मराठी टाकली की उजवी भिंत मागंपुढं. एका मशीनवर स्पेस देऊन जुळवलं तर दुसऱ्यावर बिघडायलंय. फॉन्ट कोणता घ्यावा? आणि ├ └ │ ही चिन्हं बरी की साधी + - | ?

वाळूज_टर्मिनल

दादा, फॉन्ट बदलून हे सुटणार नाही.

नोटपॅडमध्ये किंवा टर्मिनलमध्ये प्रत्येक चिन्हाला सारख्या मापाचं घर असतं. देवनागरी त्या घरात बसत नाही. ‘विष्णुपुरी’ युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या संगणकी चिन्हयादीत) १० चिन्हांचा शब्द आहे: व, ि, ष, ्, ण, ु, प, ु, र, ी. डोळ्याला अक्षरं दिसतात चार. ‘सिद्धेश्वर’सुद्धा १० चिन्हं आणि चार अक्षरं, तरी दोघांची पडद्यावरची रुंदी सारखी येईलच असं नाही. प्रोग्रामनं रिकाम्या जागा भरल्या तर तो १० मोजतो, शब्द प्रत्यक्षात त्याहून कमी जागा घेतो, आणि भिंत आत सरकते. त्यात समान रुंदीच्या बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच. ती दुसऱ्या फॉन्टमधून उसनी येते, आणि कोणत्या फॉन्टमधून घ्यायची हे प्रत्येक फोन आपापलं ठरवतो.

म्हणून एकच नियम पाळा: देवनागरीच्या उजवीकडं काहीही ठेवायचं नाही. चौकटीत फक्त क्रमांक, नावं खाली सूचीत.

```
[1]......>[2]       [3]
 |         |         |
 |         |        [4]
 |         |         |
 +<--------+         |
 |                   |
 +<------------------+
 |
[5]

1 जायकवाडी (पैठण)
2 माजलगाव
3 येलदरी
4 सिद्धेश्वर
5 विष्णुपुरी (नांदेड)
| -  नदी, वरून खाली
.    कालवा
```

डावीकडची उभी रेघ गोदावरी, मधली सिंदफणा, उजवीकडची पूर्णा. ठिपके म्हणजे पैठणचा उजवा कालवा, १३२ किलोमीटरचा, जो माजलगावच्या जलाशयात पाणी नेतो. आकृतीतले अंक मुद्दाम 1, 2, 3 असे ठेवलेत. १, २, ३ लिहिले तर तेही उसन्या फॉन्टमधून येतात आणि कंस सरकतो. सूचीत कोणतेही चालतील.

सगळी आकृती २३ घरांत बसते. फोनवर ओळ मोडली की आकृती गेलीच समजा, तेव्हा ३० च्या आत राहा.

बालाघाट

वरचा नियम पटला, पण त्यासाठी क्रमांकच हवेत असं नाही. झाडासारखी मांडणी केली तर नाव आपोआप ओळीच्या शेवटी येतं. वाचणाऱ्याला सूचीत खालीवर बघावं लागत नाही:

```
विष्णुपुरी
├── गोदावरी: जायकवाडी
├── सिंदफणा: माजलगाव
│   └── उजवा कालवा: जायकवाडी
└── पूर्णा: सिद्धेश्वर
    └── येलदरी
```

‘नांदेडला पाणी कुठून येतं’ एवढाच प्रश्न असेल तर हे जास्त चांगलं.

वाळूज_टर्मिनल

बालाघाट, मांडणी सुबक आहे, पण यात जायकवाडी दोनदा आली. नवख्या माणसाला ती दोन वेगळी धरणं वाटतील. खरी गोष्ट ही की एकाच धरणातून पाणी दोन वाटांनी निघतं, एक नदीनं आणि एक कालव्यानं, आणि माजलगावातून खाली सोडलेलं पाणी सिंदफणेतून पुन्हा गोदावरीतच येतं. फाटा फुटून परत मिळतो तिथं झाड चालत नाही, जाळंच काढावं लागतं.

चिन्हांना हात लावण्याआधी हे ठरवायचं असतं. एकाखाली एक अधिकार किंवा घटक असतील तर झाड. पायऱ्या असतील तर सरळ उभी रांग. परत मिळणारे फाटे असतील तर जाळं. आधी कागदावर प्रत्येक जोड एका ओळीत लिहा: ‘१ पासून २, कालवा’, ‘१ पासून ५, नदी’. एखादं नाव बाणाच्या डोक्याशी एकाहून जास्त वेळा आलं तर तिथं संगम आहे, शेपटीशी जास्त वेळा आलं तर तिथं फाटा. संगम असलेल्या रेघा शेजारी शेजारी ठेवल्या की एकमेकींना छेदत नाहीत. वरच्या आकृतीत सिंदफणा मध्ये आणि पूर्णा उजवीकडं याच कारणानं आहे. सिंदफणा आधी मिळते, पूर्णा नंतर. उलट ठेवलं असतं तर सिंदफणेला पूर्णेची रेघ ओलांडावी लागली असती.

गोदाकाठ_परभणी

क्रमांकांची पद्धत घेतो. अजून दोन गोष्टी. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे, तो कसा दाखवू? मांजरा नदी पण घ्यावी का? आणि वर्डमध्ये पेस्ट केल्यावर उभ्या रेघांत फटी पडायल्यात.

तेर_मुद्रण

डावा कालवा या पाचांपैकी दुसऱ्या कुठल्या जलाशयात जात नाही, त्यामुळं सूचीत एक ओळ पुरे. मांजरा विष्णुपुरीच्या बरीच खाली, तेलंगणाच्या हद्दीजवळ गोदावरीला मिळते. तिची आकृती वेगळी काढा. एका आकृतीत एकच प्रश्न ठेवला तर ती फोनवर वाचता येते.

फटींचं कारण ओळींमधलं अंतर. वर्डमध्ये त्या परिच्छेदांचं लाईन स्पेसिंग ‘सिंगल’ आणि आधीचं-नंतरचं अंतर शून्य करा, फॉन्ट कुरियर न्यू किंवा कन्सोलास. │ हे चिन्ह वरखाली चिकटण्यासाठीच आखलेलं असतं, म्हणून त्यात फट लगेच डोळ्यात भरते. साधी | मुळातच तुटक दिसते, त्यामुळं ती खपून जाते. आणखी एक खोड: सलग --- टाकून एंटर दाबलं की वर्ड त्याची पानभर रेघ करतो, आणि --> चा बाण करतो. आकृती नोटपॅडमध्ये काढून ‘फक्त मजकूर’ म्हणून पेस्ट करा.

तुमच्या + - | की ├ └ │ या प्रश्नाचं उत्तर: मजकूर व्हॉट्सअ‍ॅपसकट सगळीकडं जाणार असेल तर साधीच घ्या. ती आस्कीच्या (संगणकाच्या जुन्या इंग्रजी चिन्हसंचाच्या) ९५ छापील चिन्हांत आहेत, कुठंच अडत नाहीत. इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ७९१ या १९८१ सालच्या दस्तऐवजातली आकृती याच चिन्हांत आहे: ३२ बिटांची ओळ, प्रत्येक बिटाला दोन घरं आणि शेवटचं एक, म्हणजे ६५ घरं, ओळीच्या ७२ घरांच्या मर्यादेत. आधी घराचं माप ठरवलं, मग आकृती काढली, म्हणून ती आजही कुठल्याही पडद्यावर तशीच उघडते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आकृतीच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक (` हे चिन्ह) द्या, नाहीतर समान रुंदीचा फॉन्ट लागत नाही. टॅब अजिबात नको, स्पेसच. सूची त्या बॅकटिकच्या बाहेर ठेवलीत तर मराठी नेहमीच्या फॉन्टमध्ये, वाचायला सोपी दिसेल. आणि खाली दोन वाक्यांत हीच गोष्ट शब्दांत लिहा. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला नाहीतर नुसतं ‘प्लस, वजा, वजा’ ऐकू येईल.