पंचगंगेचा पूर: अलमट्टीला किती दिवस शिव्या घालणार?

नदीकाठचा: जुलै उजाडला की आमच्या कोल्हापुरात दोनच आकडे तोंडात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका 43. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56. दोन्ही वेळा बोट अलमट्टीकडे, म्हणजे कृष्णेवरच्या खालच्या बाजूच्या कर्नाटकातल्या धरणाकडे. पण कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या घाटमाथ्याच्या पावसावर फुगणाऱ्या नद्या प्रयाग चिखलीपर्यंत एकत्र येतात, त्यांची पंचगंगा होते, आणि तिथून पुढे पात्र सपाट, वळणावळणाचं. त्या पाण्याला पसरायला जी शेतं होती, तिथं आपण भराव टाकून प्लॉट पाडले. 2019 च्या पुरावर राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनंही 2020 मध्ये पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं. अतिवृष्टी आणि पात्रातली अतिक्रमणं, हेच सांगितलं.

शिरोळकर: शहरात बसून बोलणं सोपं आहे दादा. तुमच्याकडं पाणी चढतं तसं उतरतं. आमच्याकडं नरसोबावाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुंबली की आमची फूग, म्हणजे मागं साचलेलं पाणी, हलत नाही. ऊस आठ-आठ दिवस पाण्यात कुजतो. आणि आता कर्नाटकाला अलमट्टीची पाणीपातळी 519.60 वरून 524.256 मीटरवर न्यायचीय. समितीचा कागद काय आमच्या गोठ्यात बांधू?

नदीकाठचा: उंची वाढवायला माझाही विरोधच आहे. पण फूग वाडीला का येते? कृष्णेत वारणाही येते, कोयनेचा विसर्गही येतो. अलमट्टी उद्या रिकामी ठेवली तरी या नद्या एकाच आठवड्यात भरून आल्या की संगमावर पाणी थांबणारच.

राधानगरीवाला: आमच्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात, कुणाला फोन करत नाहीत. त्यामुळं 'धरणातून सोडलं म्हणून पूर' हे इथं तरी पूर्ण लागू नाही. जूनमध्येच पाणी उतरवून जागा ठेवता येते का, यावर भांडा.

पेठेतली: मच्छिंद्री झाली, म्हणजे शिवाजी पुलाच्या खुणेपर्यंत पाणी चढलं, की पुलावर गर्दी करून फोटो काढणारे हेच लोक निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीच्या पुराच्या पट्ट्यात, बंगले बांधतात. परवानगी देणारा कोण? त्याचं नाव कुणी घेत नाही, कर्नाटक आपलं सोयीचं.

शिरोळकर: बंगले पाडा, आमची ना नाही. पण आधी कोल्हापूरलगत शिरोलीजवळच्या पुणे-बंगळूर हायवेचा भराव बघा. दोन्ही पुरांत रस्ता बंद पडला, म्हणजे तो भराव पाण्याच्या आडवाच आहे. तिथं कमानी करा, पाणी वाटेनं जाऊ द्या.

नदीकाठचा: कमानींना शंभर टक्के पाठिंबा. मात्र भराव काढला की ते पाणी लवकर तुमच्याकडंच येणार, हे मान्य आहे ना?

शिरोळकर: येऊ दे. पण मग पुढं जायला वाट ठेवा. म्हणूनच अलमट्टी म्हणतोय मी.

पेठेतली: झालं, पुन्हा पहिल्या पोस्टवर आलो.