कोलोसियममधले शार्क आणि वाळूतले शेणकिडे: प्राचीन काळावरचे विसरलेले सिनेमे

दगडी पाटा (धागाकर्ता)

परवा भाच्याबरोबर ग्लॅडिएटरचा दुसरा भाग बघितला, २०२४ चा. कोलोसियममधे पाणी भरलंय, त्यात जहाजं, आणि पाण्यात शार्क. भाचा खूश. मी म्हटलं अरे हे शार्क समुद्रातून रोमपर्यंत आणले कशातून, टँकरने? तर म्हणतो मामा तुला काही एंजॉयच करता येत नाही. असेल बाबा. पण तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते इथे टाकतो, शिव्या घालायच्या तर घाला.

माझं म्हणणं असं की प्राचीन काळावरचे जे सिनेमे गाजले त्यातली माणसं तुमच्याआमच्यासारखीच असतात, फक्त अंगावर चादर गुंडाळलेली. हीरोला बायकापोरांचा सूड घ्यायचा असतो, स्वातंत्र्यावर भाषण ठोकायचं असतं, देवाधर्माचं त्याला फार काही पडलेलं नसतं. आणि जे सिनेमे खरोखर त्या काळात नेऊन सोडतात ते कुणी बघतच नाही.

उदाहरण, फराओ. १९६६ चा पोलिश सिनेमा, दिग्दर्शक येझी कावालेरोविच, बोलेस्वाव प्रूसच्या कादंबरीवरून. सुरुवात कशी होते बघा. वाळूत दोन शेणकिडे गोळा ढकलतायत. मागून इजिप्तचं अख्खं सैन्य चाललंय. शेणकिडा म्हणजे त्यांच्या लेखी पवित्र, सूर्याचा किडा, त्याला ओलांडून जायचं नाही. मग सैन्यच वाट बदलतं, आणि त्या दुसऱ्या वाटेत एका गरीब माणसाने वर्षानुवर्षं खपून खणलेला कालवा येतो तो बुजवून टाकतात. कालवा पुरा झाला की त्याची गुलामीतून सुटका होणार होती. तो जीव देतो. दोन किड्यांपायी! आणि सिनेमा कुठेही थांबून हे बघा किती वाईट असं सांगत नाही, सैन्य पुढे निघून जातं. मला वाटतं रोम-इजिप्तवर जेवढं काही मी बघितलं त्यात या दहा मिनिटांइतकं मला दुसऱ्या काळात कुणी नेलं नाही.

शूटिंग बरंचसं उझबेकिस्तानात, किझिलकुम वाळवंटात, एक्स्ट्रा म्हणून सोव्हिएत सैनिक. ऑस्करला परभाषिक सिनेमांच्या शेवटच्या पाचात होता. आज कुणाला विचारा, माहीत नाही. का?

खवट खोबरं

का म्हणजे कंटाळवाणा आहे म्हणून. मी बघितलाय साहेब, तीन बैठकांत, दुसऱ्या बैठकीत झोपलो. सगळे लोक पुतळ्यासारखे उभे राहून बोलतात, भिंतीवरच्या चित्रातून उतरल्यासारखे.

आणि दुसरं, तुम्ही शार्कवरून एवढं ओरडताय, पण फराओमधला राजा कोण? रामसेस तेरावा. असा राजा झालाच नाही! रामसेसांची यादी अकराव्याला संपते. म्हणजे शार्क खोटे चालत नाहीत आणि अख्खा राजा खोटा चालतो? उलट रोममधे रिंगणात पाणी भरून जहाजांची लढाई दाखवायचे हे रोमन इतिहासकार कॅसियस डिओने लिहून ठेवलंय, ८० साली कोलोसियमचं उद्घाटन झालं तेव्हाचं. म्हणजे पाणी खरं, जहाजं खरी, खोटे काय ते मासे. तुमच्या पिक्चरपेक्षा टक्केवारी बरी आहे की.

दगडी पाटा

@खवट खोबरं टक्केवारी आवडली, हसलो. पण राजा खोटा असला तरी भांडण खरं आहे हो. रामसेस अकराव्याच्या वेळी थीब्ज शहरात अमून देवाचा महापुजारी हेरीहोर इतका वर चढला की देवळाच्या भिंतींवर स्वतःला राजासारखं कोरून घेतलं. सिनेमातला पुजारी हेरहोर तिथूनच आलाय. तरुण राजाला पैसा हवाय, खजिना देवळाच्या ताब्यात, आणि पुजाऱ्यांकडे राजाकडे नाही अशी एक गोष्ट आहे, आकाशाचं गणित. ग्रहण कधी लागणार ते त्यांना माहितीय. लोकांचा जमाव देवळावर चालून येतो, त्याच घटकेला पुजारी वर येऊन देवाचा धावा करतो, अंधार पडतो, आणि जे लोक दार फोडायला आले होते तेच पालथे पडून रडायला लागतात. सत्ता म्हणजे पंचांग कुणाच्या हातात, एवढं सोपं. हे कळायला राजाचा नंबर बरोबर असायची गरज नाही. शार्कमधून काय कळतं?

आणि लोक पुतळ्यासारखे उभे आहेत ते मुद्दाम आहे असं मला वाटतं. राजासमोर तुम्ही आम्ही उभे राहू तसे ते कसे उभे राहतील?

हिशेबनीस

अवांतर, पण ग्रहणावरून आठवलं. बाराब्बास नावाचा सिनेमा आहे, अँथनी क्विनचा, १९६१. येशूला क्रुसावर चढवतात तेव्हा अंधार होतो तो सीन त्यांनी १५ फेब्रुवारी १९६१ च्या खऱ्या खग्रास सूर्यग्रहणात शूट केलाय, इटलीत. रिटेक नाही, काही नाही, मिनिट-दोन मिनिटांचा खेळ. अंगावर काटा येतो. तोही विस्मरणातच गेला.

आता मूळ मुद्दा. धागाकर्त्याचं सगळं कौतुक मान्य पण पैसे कोण घालणार यावर एक अक्षर नाही. द फॉल ऑफ द रोमन एम्पायर, १९६४, अँथनी मान. गोष्ट जवळजवळ तीच जी २००० साली ग्लॅडिएटरने सांगून ५ ऑस्कर नेले. म्हातारा रोमन बादशहा मार्कस ऑरेलियस, नालायक मुलगा कॉमोडस, मधे एक सेनापती. अॅलेक गिनेस, सोफिया लॉरेन, क्रिस्टोफर प्लमर, कुठे कमी नाही. प्रोड्युसर सॅम्युअल ब्रॉन्स्टनने माद्रिदजवळ लास मातासला रोमचा फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, उभा केला, ४०० बाय २३० मीटर, म्हणजे जवळजवळ २३ एकर! चित्र रंगवलेला पडदा नाही, खऱ्या इमारती, मागून पण बांधलेल्या. आमच्या गावाकडे एवढी जमीन असलेल्याला बागायतदार म्हणतात. सिनेमा आपटला, ब्रॉन्स्टनचं दिवाळं निघालं, आणि हॉलिवूडने पुढची पस्तीस एक वर्षं रोमकडे ढुंकून बघितलं नाही. तेव्हा "लोक बघत नाहीत" हा टोमणा मारण्याइतका साधा विषय नाही, त्यात माणसं बुडतात.

खवट खोबरं

@हिशेबनीस +१. आणि तोही खरा नव्हताच. कॉमोडसला दोन्ही सिनेमांत सेनापतीबरोबरच्या द्वंद्वात मारलाय. खरा कॉमोडस १९२ सालच्या ३१ डिसेंबरला मेला, आधी विष घातलं, ते उलटून पडलं, मग नार्सिसस नावाच्या पैलवानाने गळा आवळला. म्हणजे पैलवानाबरोबर तालीम करणाऱ्या बादशहाला शेवटी पैलवानानेच मारला, यापेक्षा भारी क्लायमॅक्स कुठला पाहिजे होता? पण नाही, हीरोच्या हातूनच मेला पाहिजे.

दगडी पाटा

हे शंभर टक्के मान्य, तिथे दोन्ही सिनेमे सारखेच माती खातात. तरी १९६४ वाल्यातली एक गोष्ट सांगतो. मार्कस ऑरेलियसला मारायचंय, तर कट करणारा आंधळा माणूस सफरचंद कापतो, सुरीच्या एकाच बाजूला विष. अर्धं त्याचं, अर्धं बादशहाचं. दोघं समोरासमोर बसून खातात. आरडाओरडा नाही, तलवार नाही. आणि शेवटी गादीचा लिलाव होतो, कोण किती देणार म्हणून बोली लागते. लोकांना वाटतं सिनेमावाल्यांनी घुसडलं, पण १९३ साली हे खरंच झालंय, दिदियस जुलियानसने सैनिकांना पैसे देऊन बादशाही विकत घेतली. सिनेमाने फक्त मधले दोन-तीन महिने गाळले.

दिवाळं निघालं हे खरं. पण म्हणून तो सिनेमा वाईट कसा ठरतो, हिशेबनीस? शेत बुडालं म्हणून बियाणं खोटं असं नसतं.

हिशेबनीस

बियाणं चांगलं होतं असं बुडलेल्या शेतकऱ्याच्या बायकोला सांगून बघा.

कैरीचं लोणचं

पुरुष मंडळींचं रोम आणि इजिप्त झालं असेल तर जरा घरी या. धागाकर्ते म्हणतात फराओ ऑस्करच्या शेवटच्या पाचात होता. त्याच वर्षी भारताकडून त्याच स्पर्धेला काय गेलं होतं माहितीय का? आम्रपाली. लेख टंडनचा, वैजयंतीमाला आणि सुनील दत्त. तोही १९६६ चाच, तोही प्राचीन काळावरचा, वैशालीची नगरवधू आणि मगधाचा अजातशत्रू. पाचात आला नाही, इथेही पडला. आज लोकांना त्यातली लताची गाणी माहितीयत, सिनेमा माहीत नाही.

आणि त्यातले कपडे! भानू अथैया, कोल्हापूरच्या, पुढे १९८३ साली गांधीसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या आपल्या पहिल्या. आम्रपालीसाठी त्यांनी अजिंठ्याची चित्रं अभ्यासली. ती कंचुकी, ते कमरेखाली नेसलेलं अंतरीय, केसांतले दागिने, सगळं भिंतीवरून उचललेलं. त्यानंतर हिंदीत जेव्हा जेव्हा अप्सरा किंवा राजनर्तकी आली तेव्हा तिला तेच नेसवलंय, मूळ कुठून आलं ते न विचारता. माझी आई अजून फॅन्सी ड्रेसच्या त्या प्रकाराला आम्रपाली म्हणते.

दगडी पाटा

ताई हे खरंच माहीत नव्हतं, दोन्ही एकाच वर्षी गेले होते हे. पण स्पष्ट बोलू का, आम्रपाली माझ्या परीक्षेत नापास होते. कपडे अजिंठ्याचे, बोलणं मात्र १९६६ च्या मुंबईचं. देशप्रेम, मातृभूमी वगैरे. बुद्ध शेवटी येतो तो सिनेमा संपवायला आल्यासारखा. आणि अजिंठ्याची ती चित्रं अजातशत्रूनंतर जवळजवळ हजार वर्षांनी काढलेली आहेत, तेव्हा कपडेही त्या काळाचे नाहीतच.

कैरीचं लोणचं

हो का? म्हणजे पोलिश माणसाचा न झालेला राजा "भांडण खरं आहे" म्हणून पास, आणि आमच्या बाईंचे कपडे हजार वर्षांनी चुकले म्हणून नापास. अजातशत्रूच्या काळातलं चित्र आहे कुठे शिल्लक, दाखवा, मग तसे शिवू! परीक्षकच फितूर आहे इथे. परकं वाटलं पाहिजे असा तुमचा हट्ट असेल तर परक्यांचे सिनेमे परके वाटणारच की हो, त्यात दिग्दर्शकाचं कर्तृत्व किती आणि तुम्हाला पोलिश येत नाही याचं किती?

खवट खोबरं

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

दगडी पाटा

@कैरीचं लोणचं हा लागला. विचार करून उत्तर देतो.

घाटवाट

ताईंनी घरी आणलंच आहे तर आणखी जवळ या. गौतमीपुत्र सातकर्णी या आपल्या सातवाहन राजावर सिनेमा निघाला तो तेलुगूत, २०१७ च्या संक्रांतीला, बालकृष्ण हीरो आणि आई गौतमी बलश्री म्हणजे हेमामालिनी. त्या बलश्रीचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यात आहे, मुंबई-आग्रा रोडवरून दिसणारा डोंगर. त्यात मुलाबद्दल लिहिलंय की त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलंय. अशी आई, असं वाक्य, आपल्या दारात, आणि आपण दोन हजार वर्षांत त्यावर एक पिक्चर काढला नाही. मराठीत ऐतिहासिक म्हणजे सोळाशेच्या पुढे. त्याआधी इथे कुणी राहतच नव्हतं जणू.

सिनेमाबद्दल, त्यात तो ग्रीक डेमेट्रियसशी लढतो, जो खरं तर याच्या अडीचशे वर्षं आधीचा. खरा वैरी क्षत्रप राजा नहपान. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मधे नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांच्या वर चांदीची नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यातल्या ९ हजारांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप मारून घेतलेला. वितळवली पण नाहीत! नहपानाचं तोंड खाली अर्धवट दिसतंय आणि वर याचा शिक्का. हा सीन घ्यायचा सोडून ग्रीक कशाला आणले देव जाणे.

हिशेबनीस

नाणी परत टाकसाळीत घालायचा खर्च वाचवला. माझा माणूस.

खवट खोबरं

@घाटवाट प्लीज मराठीत काढू नका. काढला की पहिल्या सीनला भगवा झेंडा, दुसऱ्या सीनला ढोलताशा, आणि सातकर्णी दरवाजात उभा राहून "माझ्या महाराष्ट्राच्या मातीत" वगैरे. त्यापेक्षा तेलुगूच बरा, निदान भाषा कळत नाही म्हणून दगडी पाटा साहेबांना परका वाटेल.

दगडी पाटा

आता उत्तर. ताई, तुमचं अर्धं पटलं. मी परक्यांना सूट देतो आणि घरच्यांना देत नाही, हे खरंय. आम्रपाली पुन्हा बघेन, या वेळी गाणी पुढे न ढकलता.

पण अर्धं नाही पटलं. पावसाळ्यात नाणेघाटाला गेलो होतो. गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, यज्ञ किती केले, गाई किती दान दिल्या याचा नुसता हिशेब, आकड्यांसकट. समोरच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते, वर नावं कोरलेली, सिमुक, नागनिका, सातकर्णी. पुतळे गेले, उरलंय काय तर पावलांच्या खुणा. खाली लोक वेफर्स खात बसले होते, मीही बसलो. ती पावलं मराठी मुलखातलीच, आणि तरी मला त्या माणसांचं काही म्हणजे काही कळेना. एवढ्या गाई देऊन त्या बाईला नक्की काय मिळणार होतं? हे परकेपण भाषेमुळे नाही ना आलेलं. सिनेमाने ते तसंच ठेवावं, पुसू नये, एवढंच मागतोय.

आणि राजेच कशाला पाहिजेत. सातवाहन राजा हालाची गाथा सप्तशती घ्या, सातशे गाथा, माहाराष्ट्री प्राकृतात, गोदेच्या काठचे शेतकरी, परदेशी गेलेले नवरे, चोरून भेटणाऱ्या बायका. सेट पण लागत नाही, हिशेबनीस. एक शेत, एक पाऊस.

हिशेबनीस

पाऊस भाड्याने मिळतो, टँकरवाले मिनिटावर घेतात. बाकी कल्पना बरी आहे. प्राकृतात बोलायला लावू नका फक्त.

कैरीचं लोणचं

प्राकृतातच काढा. सबटायटल मी लिहिते, फुकट.

दगडी पाटा

ताजी खबर. आज भाच्याला फराओची पहिली दहा मिनिटं दाखवली. फोन हातातच होता त्याच्या. कालव्याच्या सीनला मान वर केली, मग म्हणाला, "पण मामा, त्यांनी ते किडे उचलून बाजूला का नाही ठेवले?"

खवट खोबरं

भाचा माझ्या पार्टीत.