डिस्नेची कार्टून मालिका डकटेल्स: 1987 चं जुनं की 2017 चं नवं? (शेवटचं रहस्य फोडलेलं आहे, बघून झालं नसेल तर वाचू नका)

शाईचा_डाग:
‘2017 चं डकटेल्स म्हणजे नुसती बडबड, मूळ मालिकेला हात लावायलाच नको होता’ ही पोस्ट वाचून राहवलं नाही. बडबड आहे, मान्य. पण 1987 च्या ह्युई, ड्युई, लुई या डोनाल्ड डकच्या तीन भाच्यांमधला फरक सांगा बरं. कपडे लाल, निळे, हिरवे. संपलं! तिघांनाही आवाज एकट्या रसी टेलर यांचा. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घातलं तरी गोष्टीचं काही बिघडत नाही. नव्यात ह्युई ‘वुडचक’ या स्काउटसारख्या संघटनेचं पुस्तक उघडल्याशिवाय पाऊल टाकत नाही, ड्युई आधी उडी मारतो आणि लुई यात आपला फायदा काय ते बघतो. एकाच बंद दारापुढे तिघं तीन दिशांना ओढतात, ती बडबड तिथून येते. आणि डोनाल्ड? जुन्यात त्याला नौदलात धाडून मोकळे झाले. पोरांची आई कुठे गेली, हे टीव्हीवर विचारायला 30 वर्षं लागली.

शिवाय ‘मूळ’ कशाला म्हणायचं? डोनाल्डचा कंजूष, श्रीमंत मामा स्क्रूज कार्ल बार्क्सच्या कॉमिकमधला, 1947 चा. त्याचा लाल कोट 1987 वाल्यांनी निळा केला, 2017 वाल्यांनी परत लाल केला.

खजिनदार:
कोटाचं राहू द्या. आईचा प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी पहिला सीझन संपत येईपर्यंत ताटकळत ठेवलं. जुन्यात सुरुवातीची पाच भागांची ‘गोल्डन सन्स’ची गोष्ट आणि गिझमोडक या यंत्रचिलखतवाल्या नायकाचे सलग भाग सोडले, तर कुठलाही भाग उचला: नकाशा, संकट, सुटका, सगळं अर्ध्या तासाच्या आत. नव्यातला सनचेझर विमान सुळक्यावर लटकतं तो भाग आधीचे न बघता लावा, पोरं स्क्रूजवर का उखडलीत ते कळणारच नाही. लहान मुलं हाताला लागेल तो भाग बघतात.

आणि वेबी, स्क्रूजचं घर सांभाळणाऱ्या बाईंची नात! तीन सीझन दाखवलं की रक्ताचं नातं नसतानाही ती घरचीच आहे. मग शेवटच्या भागात ती स्क्रूजपासूनच क्लोन करून बनवलेली निघते. म्हणजे घरचं ठरायला शेवटी रक्तच लागलं. सगळ्या मेहनतीवर पाणी.

शाईचा_डाग:
वेबीचा शेवट चुकला, यावर वाद नाही. पण जुन्या वेबीच्या हाती बाहुली देऊन तिला मागे ठेवायचे. त्यापेक्षा ही केव्हाही बरी.

कॅमेरास्टँड:
दोघंही कथेवरच भांडताय. जुनी मालिका बघता कशी, ते आधी सांगा. नेटवर फिरणाऱ्या कितीतरी क्लिप जुन्या टीव्हीच्या 4:3 आकारातून आजच्या रुंद 16:9 केलेल्या असतात. रुंदी तीच ठेवून असं कापलं की उंचीचा चौथा भाग जातो. स्क्रूजची टोपी वर कापली जाते, पाय खाली.

दुसरं म्हणजे टीव्हीचं मोशन स्मूदिंग. पारदर्शक शीटवर हाताने रंगवलेल्या सेल अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला 24 फ्रेम असतात, पण बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे चित्रं 12. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवतो आणि वेगात वळणारी चोच पातळ होऊन पसरते. तिसरं, नॉइज रिडक्शन. फिल्मचे कण पुसताना ते बारीक रेषाही खातं. स्क्रूजच्या चष्म्याची कड मध्येच तुटलेली दिसली, तर दोष चित्रकाराचा नसतो.

खजिनदार:
विषय काय, तुम्ही टीव्हीच्या सेटिंग्ज काय घेऊन बसलात! नवा धागा काढा की.

कॅमेरास्टँड:
काढणार नाही, कारण विषय हाच आहे. मूळ मालिकेचं बरंचसं काम जपानच्या तोक्यो मूव्ही शिन्शाने केलं. त्यातला अभिनय संवादांत कमी आणि हालचालीत जास्त आहे. स्क्रूज नाण्यांत सूर मारण्याआधी अंग आखडून मागे झुकतो, क्षणभर थांबतो, मग सुटतो. तो थांबाच स्मूदिंग गिळून टाकतं. नव्यात ठळक रेषा, सपाट रंग आणि मागच्या चित्रांत कॉमिकच्या छपाईचे ठिपके आहेत. ती डिजिटल चित्रं चित्र म्हणूनही चांगली आहेत. पण तिथे गंमत शब्दांवर तोललेली असते, म्हणून खराब पडद्यावरही निभावते. जुनं निभावत नाही.

जुनीकॅसेट:
आडव्या दातेरी रेषा दिसतात, त्याचं काय? त्या घालवायला डीइंटरलेस केलं (अर्ध्या ओळींपासून पूर्ण चित्र बनवणं), तर चित्र आणखी पुसट झालं.

कॅमेरास्टँड:
डीइंटरलेस करूच नका. 24 फ्रेमची फिल्म सेकंदाला 60 फील्डच्या (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र) अमेरिकन व्हिडिओवर चढवताना दर पाच फ्रेममागे दोन फ्रेम दातेरी होतात. त्याला उलट टेलिसिनी, म्हणजे फिल्म व्हिडिओवर चढवण्याची क्रिया उलटी फिरवणं, लावायचं, मग पाचाच्या चार स्वच्छ फ्रेम परत मिळतात. आधी रुंदी-उंची बदललीत तर फील्ड एकमेकांत मिसळतात आणि नंतर काही करता येत नाही. त्यामुळे आधी उलट टेलिसिनी, मग आकार. टीव्हीवर नुसतं बघायचं असेल तर स्मूदिंग बंद, नॉइज रिडक्शन बंद, आकार 4:3.

शाईचा_डाग:
हालचालीत जुनं सरस, हे नाइलाजाने मान्य करतो. पण त्या सुंदर हालचालीतही तिघं पोरं एकसारखीच हलतात.

खजिनदार:
हलतात, ठीक आहे. तिघांना वेगळं केलं हे नव्याचं एकमेव पुण्य, लिहून घ्या. वेबीचं पाप त्याने फिटत नाही.