अतिवृष्टीत पीक गेले. तोंडी वाट्याने कसलेली जमीनही जाईल का?

घणसोलीकर (प्रश्न):

नमस्कार. मी नोकरीनिमित्त घणसोलीला राहतो. माझे वडील मुरबाड तालुक्यात काळू नदीच्या काठी दीड एकर भातजमीन गेली बावीस वर्षे अर्धेलीने कसत आहेत. मालक ठाण्यात स्थायिक आहेत. बी-खताचा खर्च निम्मा, भात निम्मे आणि पेंढा आमचा, असे त्यांच्या वडिलांच्या हयातीत तोंडी ठरले होते आणि तेच आजवर चालत आले. एकही कागद झालेला नाही, आणि तसा तो करावा असे दोन्ही घरांत कोणाला कधी वाटलेही नाही.

गेल्या हंगामात कापणीला आलेले भात परतीच्या पावसात आडवे झाले, आणि जे कापून खाचरात वाळत घातले होते त्याला तिथेच मोड आले. पंचनामा झाला, परंतु सातबारा मालकांच्या नावावर असल्याने मदत त्यांच्या खात्यात जमा झाली. त्याआधी २०१९ च्या जुलैमध्ये, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली त्याच दिवसांत, आमची आवणी, म्हणजे लावणी केलेली भाताची रोपे, वाहून गेली आणि खालच्या खाचरावर रेती येऊन बसली. ते खाचर वडिलांनी त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही पड ठेवले होते.

आता मालकांचे म्हणणे असे की, पावसाचा काही भरवसा उरलेला नाही, अशा शेतीत तुमचेही भले नाही आणि आमचेही नाही, तेव्हा जमीन मोकळी करून द्यावी. त्यांच्याकडे गिऱ्हाईक आलेले आहे. वडिलांना त्यांच्याशी भांडायचे नाही, मलाही नाही. माझा प्रश्न इतकाच आहे की पीक बुडाल्याने किंवा जमीन दोन वर्षे पड राहिल्याने कसणाऱ्याचा हक्क कायद्याने कमी होतो का, आणि पुढच्या वेळी विमा किंवा मदत त्याच्यापर्यंत पोहोचावी म्हणून आत्ता काय करता येईल?

निवृत्त अव्वल कारकून, कळवा:

आपण दोन प्रश्न विचारले आहेत, पण माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. पाऊस जमीन हिरावून नेत नाही. तो त्या वर्षाची नोंद हिरावून नेतो, आणि कागद नसलेल्या माणसाजवळ नोंदीशिवाय दुसरे काहीच नसते.

प्रथम कायद्याचे. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याप्रमाणे दुसऱ्याची जमीन वैधरीत्या कसणारी व्यक्ती कूळ मानली जाते. त्याला अपवाद आहेत: मालकाच्या कुटुंबातील माणूस, मजुरीवर ठेवलेला गडी आणि ताबेगहाणदार, म्हणजे जमीन गहाण घेऊन ती ताब्यात ठेवणारा. गड्याची मजुरी रोख असो वा धान्यात, पण ती पिकाच्या हिश्श्याच्या रूपाने असेल तर हा अपवाद लागू होत नाही, आणि आपल्या वडिलांना तर निम्मे पीक मिळते. शिवाय कुळाने जमीन सोडायची झाल्यास तसे लेखी द्यावे लागते व तहसीलदारांनी त्याची खातरजमा करावी लागते, आणि मालकाला कुळाकडून ताबा हवा असेल तर तोही तहसीलदारांच्या आदेशानेच घ्यावा लागतो. ‘मोकळी करून द्या’, ‘बरं, दिली’ एवढ्यावर ते संपत नाही. एक वर्ष पीक आले नाही किंवा पुरामुळे जमीन पड राहिली, म्हणून हक्क आपोआप बुडतो असेही नाही. कुळाने ती जमीन विकत घेण्याच्या हक्काची गोष्ट मात्र निराळी आहे. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनानंतर सुरू झालेल्या कुळवहिवाटीत तो हक्क बजावण्यासाठी सुरुवातीपासून एका वर्षाची मुदत आहे. तेवढा भाग वकिलांना दाखवून घ्यावा.

आता पुराव्याचे, कारण अशी प्रकरणे मी तिथेच अडलेली पाहिली आहेत. सातबाऱ्याच्या खालच्या भागात, म्हणजे गाव नमुना १२ मध्ये, पिकांची नोंद असते. आपल्या खाचरापुढे दोन वर्षे ‘पड’ असे लिहिलेले असणार. ते पुरामुळे पड होते की कसणाराच निघून गेला म्हणून, हे त्या एका शब्दावरून कळत नाही. पुढे वाद झाला की समोरचा पक्ष नेमके त्याच दोन वर्षांवर बोट ठेवतो आणि म्हणतो की, तेव्हाच यांनी जमीन सोडली होती, नंतर आले ते मजुरीला.

ऑगस्ट २०२१ पासून पीक पाहणी मोबाईलवर आली. शेतात उभे राहून छायाचित्र काढावे लागते, त्यामुळे ठाण्यात राहणारा मालक ते घरबसल्या करू शकत नाही. माझा अंदाज असा की, ती पाहणी दरवर्षी आपल्या वडिलांनीच खातेदार म्हणून मालकांचे नाव निवडून केली असेल. तसे असेल तर दुसऱ्याचा कागद पक्का करण्याचे काम आपल्याच हातून होत आले आहे. त्यात वाईट हेतू कोणाचाच नाही. ॲपमध्ये कसणाऱ्याला स्वतःच्या नावाने उभे राहायला सोपी जागा नाही, एवढेच.

जागा आहे ती जुन्या पद्धतीत. सातबाऱ्यावरील धारकाखेरीज दुसरी व्यक्ती जमीन कसताना आढळली, तर गावच्या तलाठ्याने तहसीलदारांना तसे कळवायचे, त्यांनी चौकशी करायची आणि निर्णयानंतर गाव नमुना ७-ब मध्ये नोंद व्हायची, अशी तरतूद आहे. तलाठी आपणहून हे करील अशी वाट पाहू नये. अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

विम्याचे थोडक्यात सांगतो. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ ची. खरीप अन्नधान्य पिकांसाठी शेतकऱ्याचा हिस्सा विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के असतो, आणि राज्याने २०२३ मध्ये तो १ रुपयावर आणला होता. २०२५ च्या खरिपात ती सवलत बंद झाली. पण ती चालू असतानाही आपल्या वडिलांना तिचा उपयोग नव्हता, कारण भाडेपट्ट्याने कसणाऱ्याला नोंदणीकृत करार जोडावा लागतो. अडचण रुपयाची नव्हती, कराराची होती. शेतकरी ओळख क्रमांकही जमिनीच्या नोंदीशी जोडलेला असल्यामुळे त्या वाटेनेही आपण बाहेरच राहतो.

नौपाडा-शहापूर:

मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणून लिहितो. आमची शहापूर तालुक्यात चार एकर जमीन आहे आणि ती गावातले एक कुटुंब कसते. वर दिलेली माहिती बरोबर आहे, आणि नेमकी तीच कारणे आहेत ज्यांमुळे माझ्यासारखा मालक काहीही लिहून देत नाही. एक ओळ लिहिली आणि जमीन कुळाची झाली, ही भीती आमच्या घरात आजोबांपासून चालत आली आहे. त्या कायद्याने ज्यांना न्याय मिळाला त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की आज वाट्याने दिलेली जमीन सगळी तोंडीच दिली जाते, आणि आपत्ती आली की तोंडी माणूस उघडा पडतो.

आम्ही आमच्यापुरता मार्ग काढला आहे. मदतीची रक्कम माझ्या खात्यात आली की ती जशीच्या तशी कसणाऱ्याच्या बँक खात्यात वळती करतो, आणि पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत जाहीर झाली तर त्या वर्षी खंड, म्हणजे मालकाचा वाटा, घेत नाही. रक्कम मोठी नसते. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांप्रमाणे ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झालेल्या जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे आपल्या दीड एकराला पाच हजारांच्या आसपास होतात. पण ज्याची मेहनत गेली त्याला ती मिळाली पाहिजे. आपल्या मालकांना निदान एवढे तरी विचारून पाहा. एक मात्र खरे की हे माझ्या मर्जीवर चालते, आणि माझी मुले असेच वागतील याची खात्री मी देऊ शकत नाही.

निवृत्त अव्वल कारकून, कळवा:

आपण चांगुलपणाने करता ते कायद्यातच आहे. शासनाने जमीन महसूल तहकूब किंवा माफ केला तर मालकानेही त्या प्रमाणात खंड तहकूब किंवा माफ करावा, असे कुळकायदा सांगतो. सारा हल्ली इतका किरकोळ असतो की तो माफ झाल्याचे ना मालकाला कळते ना कुळाला, म्हणून हे कलम विस्मरणात गेले आहे.

खारबावकर:

माझा विषय थोडा वेगळा आहे, पण मूळ तेच. आमची जमीन भिवंडी तालुक्यात खाडीकाठी आहे आणि सातबारा आमच्याच नावावर आहे, म्हणजे मालकीचा प्रश्न नाही. तरीही निसर्गाने ती आमच्या हातातून जवळजवळ काढून घेतली. खारजमीन बांधावर जगते. एका उधाणाला जोराचा पाऊस आणि वारा जुळून आला, बांधाला खांड पडली आणि उघाडी, म्हणजे बांधातले पाणी सोडायचे दारही निकामी झाले. एकदा खारे पाणी आत आले की जमीन गोडी व्हायला आमच्याकडे दोन-तीन पावसाळे जातात, तेही बांध लगेच बांधला तर. १९७९ च्या खारभूमी विकास अधिनियमाखाली येणाऱ्या बांधांची देखभाल शासनाकडे असते. आमचा बांध खासगी, गावकीने बांधलेला. वर्गणी जमेपर्यंत चार वर्षे गेली आणि तोवर आत तिवरे, म्हणजे कांदळवनाची झाडे, उगवली.

खरी अडचण इथून सुरू झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार कांदळवन कोणाच्याही मालकीच्या जमिनीवर असो, ते तोडता येत नाही. निकाल योग्यच आहे. नवी मुंबईच्या खाडीत भराव टाकून काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पण ज्या खाचरात माझ्या आजीने पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे बियाणे लावले होते, ते आता कागदावर शेत आणि प्रत्यक्षात कांदळवन आहे. मी ते कसू शकत नाही आणि बँक त्यावर पीककर्ज देत नाही. गोदामासाठी जमीन शोधणारे दलाल तेवढे अधूनमधून येऊन जातात.

म्हणून घणसोलीकरांना माझी विनंती आहे की, रेती बसलेल्या खाचराची तारखेसह छायाचित्रे, रेती काढायला लावलेल्या ट्रॅक्टरची पावती, जे असेल ते जपून ठेवावे. आम्ही बांध फुटल्याची साधी तक्रारही लेखी दिली नव्हती, त्यामुळे ते भात केव्हा बुडाले आणि तिवरे केव्हा आली हे आज आम्हाला सिद्ध करता येत नाही.

घणसोलीकर:

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी गावी जाऊन आलो. काकांचा अंदाज खरा ठरला: पीक पाहणी वडीलच करत होते, मालकांच्या नावाने. पेटीत खताच्या दुकानाच्या बऱ्याच पावत्या सापडल्या, त्या वडिलांच्या नावावर आहेत. २०१९ ची ट्रॅक्टरची पावती मात्र नाही.

पंचनाम्याची नक्कलही पाहिली. नुकसानग्रस्त शेतकरी म्हणून मालकांचे नाव आहे, आणि खाली पंच म्हणून जी सही आहे ती वडिलांची. त्यांना विचारले तर म्हणाले, साहेब आले तेव्हा शेतात मीच होतो, त्यांनी सही मागितली, मी केली.

निवृत्त अव्वल कारकून, कळवा:

ती सही आपल्याला अडचणीची ठरेल, कारण पंच हा त्रयस्थ समजला जातो. शेजारचा माणूस सहज तिथे उभा होता, असे त्यातून दाखवता येईल. मालक जमिनीचा व्यवहार करण्याच्या आत तहसीलदारांकडे अर्ज द्या, आणि पंच म्हणून सही करणारी व्यक्तीच त्या जमिनीची वाट्याने वहिवाट करत होती हे त्यात तारखेसह नमूद करा. सोबत खताच्या पावत्या जोडा, आणि ज्यांची खाचरे आपल्या बांधाला लागून आहेत अशा दोघा-तिघांचे जबाबही. मालकांना मात्र अर्ज देण्याआधी वडिलांनी स्वतः जाऊन सांगावे. बावीस वर्षांच्या संबंधात ते त्यांना नोटिशीतून कळू नये.