मदत हवी आहे: बेळगावात लग्नाचं कार्यालय

बहिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर धरलंय, तारीख हलणार नाही, माणसं साधारण ५००. टिळकवाडी, शहापुरातली कार्यालयं बघून झाली, काही फुल्ल, एक रिकामं मिळालं पण आचारी त्यांचाच घ्यायचा म्हणतात, आणि भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. आम्हाला आमचाच आचारी हवा, आजीला पंगतच पाहिजे आणि ते बरोबरच आहे. आदल्या संध्याकाळी हळद, कोल्हापूर-गोव्याचे पाहुणे, म्हणून ८-१० खोल्या नि बस लावायला जागा लागणार. बजेट भाड्यापुरतं दीड लाख. हिंडलगा किंवा खानापूर रोडला बाहेरचा आचारी चालणारं कार्यालय कुणी हल्लीच घेतलंय का, आणि ॲडव्हान्स परतीचं पावतीवर लिहून देतात का?