कैद्याने आधी तुरुंगातच दाद मागायची?

सुहास_प: अमेरिकेच्या 1996 च्या कैदी-खटला कायद्याचं कौतुक करणारी पोस्ट काल वाचली. तुरुंगातल्या सगळ्या तक्रारपायऱ्या चढल्याशिवाय फेडरल (म्हणजे केंद्रीय) कोर्टात जायचं नाही हे योग्यच, नाहीतर लोक पीनट बटर चुकीचं आलं म्हणूनही खटले भरतात, असं त्यात होतं. डोकंच फिरलं. त्या कैद्याने चुकीची बरणी परत केली होती, मग त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलं आणि खात्यातून अडीच डॉलर मात्र कापले. खटला त्या पैशांचा होता. न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी हे तेव्हाच लिहून ठेवलंय.

आता पायऱ्या बघा. आधी कर्मचाऱ्याशी बोलायचं, घटनेपासून 20 दिवसांत वॉर्डनकडे म्हणजे तुरुंगप्रमुखाकडे फॉर्म, मग विभागीय कचेरी, मग मुख्यालय. ही फेडरल तुरुंगांची रीत, राज्यांची वेगळी. कॅलिफोर्नियात मुदत 15 कामकाजी दिवसांची होती. ती हुकली की कोर्टाचं दारही बंद, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या 2006 च्या वुडफर्ड निकालाने पक्कं केलं. मारहाणीच्या तक्रारीलाही हीच अट!

अनघा_देव: आणि 1995 साली कैद्यांचे 40 हजारांच्या आसपास खटले आले, ते कोण वाचणार? तुरुंगाला चूक सुधारायची संधी नको? तक्रारीचा मार्ग प्रत्यक्षात उपलब्धच नसेल तर अट लागत नाही, हा 2016 चा रॉस निकाल तुम्ही सोयीस्कर गाळलात.

सुहास_प: मार्ग बंद होता हे कोठडीतून सिद्ध कसं करायचं? मिशिगनच्या कैद्याचा आरोप होता की ज्याच्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार, त्यानेच फॉर्म नष्ट केले. असा वाद मूळ आरोपातच गुंतलेला असेल तर तो ज्युरीपुढे जावा, एवढं ठरायला 2025 उजाडलं. तेही 5 विरुद्ध 4 मतांनी.

निवृत्त_लिपिक: अमेरिकेचं कशाला सांगता? माझी बढती डावलली, मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जायचं म्हटलं तर वकील म्हणाले, न्यायाधिकरण कायद्याचं कलम 20, आधी खात्यात अपील करा. अपील कुणाकडे? डावलणाऱ्या साहेबाकडेच! आवक-जावकच्या टेबलावर अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला, तर बाई म्हणाल्या, शिक्का साहेबांच्या कपाटात आहे. पुढे कळलं, अर्ज मिळालाच नाही म्हणे.

अनघा_देव: काका, सहा महिने उत्तर आलं नाही तर मॅटचा रस्ता मोकळा होतो.

निवृत्त_लिपिक: काका म्हणू नका. शिक्काच नाही तर सहा महिने कुठून मोजायचे? तुम्ही कधी सरकारी कचेरीत उभ्या राहिलात का?

अनघा_देव: माझी आई जिल्हा परिषदेत होती. मला शिकवू नका.

रानवारा: मॅटवर वेगळा धागा काढा हो! आपल्याकडे तिहारच्या सुनील बत्राने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल न्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि सुप्रीम कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं. पायऱ्या चढून ये, असं कुणी म्हटलं नाही.

अनघा_देव: असं पत्र हजारातल्या एकाचं पोचतं. बाकीच्यांना तुरुंगातलीच यंत्रणा लागणार ना? पंधरा दिवस फार कमी, एवढं मानते. मारहाणीला मुदत नसावी, हेही चालेल. अट काढून टाका म्हणाल तर मुळीच नाही.

निवृत्त_लिपिक: मग त्याच कायद्यात घाला, अर्ज हातात पडताक्षणी पोच द्यायची. पोच दिली नाही तर अट रद्द.

सुहास_प: याला माझा पूर्ण पाठिंबा.